खालमानेची चाल

नांदेड, मंगळवार दुपार

प्रिय अक्का,

उद्या सकाळच्या गाडीनं मी किनवटला निघाले आहे, तुमच्या शांताकडे. लेकीच्या सासरी सांगितलं आहे की पुतणीला भेटून बरेच दिवस झाले, म्हणून जाते. खरं कारण वेगळं आहे, आणि ते तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. ती तुमची लेक आहे आणि गोष्टही तुमचीच आहे.

अक्का, मला शांताच्या चालीची भीती वाटते आहे.

तुम्ही हसाल. "धाकले, चालीचं कसलं भ्या? पाय हायेत, चालती," म्हणाल. तुम्ही होतात तेव्हा कुणी मला असं सांगितलं असतं तर मीही हसले असते.

सगळं लातूरच्या लग्नात सुरू झालं. तुम्ही गेल्यानंतर आपल्या भावकीतलं हे पहिलंच लग्न. पंगत आटोपून मी आत चालले होते. दाराशी उदगीरच्या मावशी बसल्या होत्या. त्याच मावशी, ज्यांनी माझ्या पहिल्या दिवाळीला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ही नवी सून हाय का पलटणीतला शिपाई?" आता सत्तरी गाठली आहे त्यांनी, पण जीभ तशीच. मला हाताला धरून खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आत्ता शोभायलीस बघ तू ह्या घरची. थोरलीवानी चालायलीस. खालमानेची!"

हे वाक्य ऐकण्यासाठी मी लग्न होऊन आल्यापासून थांबले होते. आणि ते कानावर पडलं तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. मावशींचा हात पाठीवर जिथे थांबला होता, नेमकं तिथेच मला कित्येक महिने दुखत होतं. मी कुणाला बोलले नव्हते. मावशी ज्याला मर्यादा म्हणत होत्या, त्या दुखण्यावरूनच त्यांची बोटं फिरत होती.

उठून मी हात धुवायच्या जागी टांगलेल्या आरशासमोर उभी राहिले. मान वर केली. मान वर झाली, अक्का. पाठ झाली नाही.

आपल्या दोघींच्या चालीवरून त्या घरात किती बोलणी झाली असतील! तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. मी सिकंदराबादची, वडील रेल्वेत, म्हणून शाळा कॉन्व्हेंटची. आमच्या सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालायला लावायच्या. पुस्तक पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "चिन अप, गर्ल्स!" तशा शिस्तीत वाढलेली मुलगी लातूरजवळच्या मुरुडमध्ये भुसार व्यापाऱ्याच्या घरात आली, आणि ज्या चालीला शाळेत शाबासकी होती तिच्यासाठी इथे एकच शब्द निघाला: ताठ. तो शब्द पाठीला लावतात तसाच स्वभावालाही लावतात, हे मला मुरुडमध्ये कळलं.

आणि तुम्ही! पदर कपाळापर्यंत, नजर पायाच्या अंगठ्यावर, खांदे आत ओढलेले, पाऊल एवढंसं. दुकानामागच्या बोळातून माजघरात गेलात तरी गादीवर बसलेल्या माणसांना पत्ता लागायचा नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची थोरली लई खालमानेची. घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई." केवढं कौतुक होतं ते! एक बाई घरात असून नसल्यासारखी आहे, याचं कौतुक.

मला शिकवायचा प्रयत्नही तुम्ही केलात. न्हाणीघरामागं उभं करून म्हणायचात, "धाकले, खांदं पाड. छाती काढून चालायलीस, कुस्तीला निघालीस का?" मी खांदे पाडले की मला हसू फुटायचं, मग तुम्हालाही. "जाऊ दे. तुला न्हाई जमायचं. तुझ्या पाठीत त्या मडमांनी काठी घालून ठेवली."

पण तेव्हा तुमचं ते सोंग होतं. हे फक्त मला ठाऊक होतं. पापड वाळवायला आपण माळवदावर गेलो, की तुम्ही पदर कमरेला खोचायचात, दोन्ही हात वर करून आळस द्यायचात आणि अशा उंच उभ्या राहायचात! माझ्यापेक्षा चांगल्या उंच होतात तुम्ही. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. खाली हाक आली की पुन्हा पदर, पुन्हा नजर खाली. जिना उतरता उतरता तुम्ही दुसरीच बाई व्हायचात. मला त्या खेळाची गंमत वाटायची. एखाद्या दिवशी तुम्ही माळवदावर याल आणि तिथेही पाठ वर येणार नाही, असं तेव्हा मनात तरी आलं असतं का?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आडात पोहरा टाकला की गाळ यायचा. पाणी भरणाऱ्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेल्या, आणि ज्या घरच्या सुनांनी भर बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. दुकान धान्याचं, आणि ताटात मिलोची, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची भाकरी! दूध मिळायचं तेवढं नातवंडांना आणि सासूबाईंना. तुम्ही म्हणायचात, "मला दूध सोसत न्हाई." बरं, ते तरी खरं होतं का हो? मी कधी विचारलंच नाही.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी भरलेली घागर उचलताना तुम्ही अर्ध्यातच थांबलात. मी तुमच्या मागेच होते. मला आवाज आल्यासारखा वाटला, वाळकी काटकी पायाखाली मोडावी तसा. तुम्ही घागर हळूच खाली टेकवलीत, थेंब सांडू दिला नाहीत. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काय झालं, अक्का?"

"काही न्हाई. उसण भरली."

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात. शेजारच्यांची सून पायाळू होती, आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली. तिला बोलावून आणलं. तुम्हाला उंबऱ्याशी पालथं झोपवलं आणि तिनं तुमच्या पाठीवर पाय ठेवला. ती बिचारी घाबरली होती. सासूबाई म्हणाल्या, "दाब गं, भिऊ नगं. गुण येतोय." तुम्ही पदराचा बोळा दातांत धरला होता. आम्ही सगळ्या भोवती उभ्या होतो आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांचाच जीव तुटत होता. खरं काय होतं ते मला आता कळलं. तिथे एक हाड मोडलेलं होतं, आणि आम्ही मायेनं त्यावर पाय द्यायला लावला.

दुखणं हळूहळू ओसरलं. तुम्ही उठलात, कामाला लागलात. पण पाठ पहिल्यासारखी वर आली नाही. आणि अक्का, ते कुणालाच दिसलं नाही! दिसणार कसं? तुम्ही तर पहिल्यापासूनच खालमानेच्या. दुसऱ्या एखाद्या घरची बाई एका उन्हाळ्यात अशी वाकली असती तर लोकांनी विचारलं असतं, काय हो, काय झालं? तुमच्याबद्दल लोक म्हणाले, वय वाढलं तशी बाईची मर्यादा वाढली.

मला सुट्या सुट्या गोष्टी दिसत होत्या. माजघरातल्या वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी तुम्ही मला काढायला सांगू लागलात. तुमच्या लुगड्याच्या निऱ्या पुढून जमिनीवर लोळायच्या, पुढचा काठ फाटायचा आणि मागचा घोट्याच्या वर जायचा. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पूर्वी छातीला टेकलेली असायची. आता चालताना ती मोकळी लोंबकळायची, पुढे-मागे, पुढे-मागे. मी तिच्याकडे बघत राहायचे. आणि तुम्ही उभ्या राहिलात की दोन्ही हात मांड्यांवर टेकायचात, जणू अंगाला खालून टेकू देत होतात. गुडघे नेहमी थोडे दुमडलेले. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हाही तुमच्याकडे बोट दाखवून मला म्हणायच्या, "बघ, बघ तिला. आता तरी शीक."

एकदा चुलीपाशी मी तुम्हाला सरळच विचारलं होतं. तुम्हाला आठवत असेल.

"अक्का, दुखतं ना तुम्हाला?"

"दुखतंय की."

"मग सांगत का नाही कुणाला?"

तुम्ही भाकरी उलटलीत. मग म्हणालात, "सगळी चांगली म्हणायलेत गं मला. जल्मात एवढंच तर कमावलं. ते मीच कशाला मोडू?"

तुमच्यावर मी रागावले आहे ती याच्यासाठी, अक्का. मोडत तर तुम्हीच होतात ना!

लातूर जिल्हा झाला त्या वेळची तुमची गंमत मात्र मी अजून नातवंडांना सांगते. मुरुड सगळं लातूरला लोटलं होतं. तुम्ही हट्ट धरलात, "मला बी जिल्हा बघायचाय."

आमचे हे म्हणाले, "वहिनी, जिल्हा काय जत्रा हाय का?"

"मग तुम्ही कशाला निघालात नवा फेटा बांधून?"

एसटीनं गेलो. स्टँडपासून मैदान काही लांब नव्हतं, पण आपल्याला पोचायला किती वेळ लागला! प्रत्येक दुकानाच्या पायरीशी तुम्ही थांबत होतात, मांड्यांवर हात टेकत होतात. मागची माणसं आपल्याला वळसा घालून पुढे जात होती. फटाके, बँड, गुलाल. रस्त्यावर केवढी मोठी कमान उभारली होती. तुम्ही माझी बाही ओढलीत. "काय लिहिलंय गं वर?"

मी म्हणाले, "बघा की, एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे."

"मान वर होईना धाकले. मला समद्यांचे जोडेच दिसायलेत. सायबाचा बूट मात्र लई चकचकीत हाय."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मग तुम्ही आणखी रंगात आलात. "नव्या जिल्ह्यात समदं सरळ होणार म्हणायलेत. माझ्या पाठीचं बी नाव घाला म्हणावं त्यात!" मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसतानाच माझं तुमच्या पायांकडे लक्ष गेलं. पाऊल उचललं जात नव्हतं. चपलेचं टोक मातीत रेघ ओढत होतं. माझं हसू तिथेच थांबलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात तुमचा पाय उंबऱ्याला अडला. रोजचाच उंबरा. त्याच्यावर हळदकुंकू तुम्हीच रोज वाहायचात. खुबा मोडला. लातूरला नेलं, परत आणलं, आणि मग त्या खोलीत तुम्ही दिवसेंदिवस कमी कमी होत गेलात.

तुम्ही लिंगैक्य झालात तो दिवस मला लिहायचा नव्हता. पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

आपल्या लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. बसवतात, मांडी घालून, पाठ सरळ, मुद्रा शांत, जणू पूजेला बसलं आहे. तुम्हाला न्हाऊ घातलं, विभूती लावली, हिरवं लुगडं नेसवलं आणि भिंतीशी बसवायला घेतलं. जंगम म्हणाले, "पाठ लावून घ्या." आम्ही पाठ लावायला बघत होतो, अक्का. पाठ भिंतीला लागत नव्हती. खांदे मागे नेले की सगळं अंगच पुढे सरकायचं. मागे उशी दिली, मग पाट दिला. मान वर करून फुलांचा हार घातला, तर मान पुन्हा छातीवर आली. शेवटी कपाळाला पांढरी पट्टी बांधून ती मागे खिळ्याला बांधली.

आणि माझ्या मागून कुणीतरी हुंदका देत बोललं, "बघा, मेल्यावर बी माउलीनं मर्यादा सोडली न्हाई."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. शांता तुमच्या पायांशी बसली होती. तिनं डोळे पुसले आणि तिच्या तोंडावर, त्या रडण्यातही, अभिमान आला. तो मी पाहिला. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. मी बाहेर येऊन उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर शांता परसात भांडी घासत होती. पाण्याचं पातेलं उचलायला वाकली आणि तशीच राहिली. एक हात कमरेवर.

"काय झालं गं?"

"काही न्हाई काकू. उसण भरली."

अक्षर न अक्षर तुमचं! आवाजसुद्धा. चाळिशीची बाई ती, आश्रमशाळेच्या वसतिगृहात पोरींना सांभाळणारी, दिवसभर पायांवर असणारी. ती हळूहळू सरळ झाली, आणि मला वाटलं, पुरती सरळ झालीच नाही. मग हसली आणि म्हणाली, "सगळ्या म्हणत होत्या, माझी चाल आईवर गेली. खरंय का हो काकू?"

मी म्हणाले, "हो गं, अगदी आईसारखी." तिला किती बरं वाटलं!

त्यानंतर काही महिन्यांनी ते लातूरचं लग्न, मावशींचा हात आणि तो आरसा. मी लेकीला भेटायचं निमित्त करून इथे नांदेडला आले. काल ती मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. माणूस शांत आहे, बोलणं कमी. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, बूड भिंतीला, खांदे भिंतीला. "आता डोकं टेकवा."

सिस्टरच्या शाळेतली मी! डोक्यावरून पुस्तक पडू न देणारी. डोकं टेकेना, अक्का. मी जोर केला तर हनुवटी वर गेली, डोकं नाही. लेकीनं मधल्या फटीत हात घातला तर तिचा सगळा पंजा आत मावला. तिनं हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मग फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून मला मणके दाखवले. चौकोनी असायला हवेत. दोन पुढून चेपलेले, पाचरीसारखे. ते म्हणाले, "उतारवयात बायकांची हाडं विरळ होतात. एखादा मणका असा बसतो. बाई म्हणते, उसण भरली."

चाल कशी बिघडते तेही त्यांनी समजावलं. कमरेखाली माकडहाडापासून पोटापर्यंत हाडांचं जे कडं असतं, त्याला ते पेल्व्हिस म्हणतात. ते म्हणाले, "ही पाण्यानं भरलेली परात आहे असं समजा. पाठ पुढे वाकली की माणूस तोंडावर पडायचा. पडू नये म्हणून शरीर ही परात मागे कलती करतं. माकडहाड आत जातं, कमरेचा बाक सपाट होतो, गुडघे दुमडतात. मग मांडी मागे जात नाही, आणि मांडी मागे गेली नाही की पाऊल मोठं पडत नाही. बाई सावकाश चालते असं आपल्याला वाटतं. ती चालत नसते, तोल सावरत असते. आणि एक दिवस पाय उंबऱ्याला अडतो."

उंबरा हा शब्द त्यांनी आपणहून उच्चारला. मी त्यांना तुमच्याबद्दल अजून काही सांगितलंही नव्हतं.

तुमचं ते एवढंसं पाऊल! सगळ्यांनी नावाजलेलं, कसं नाजूक टाकते बघा म्हणून. तुम्ही इतकी वर्षं घरभर आमच्यासमोर पडता पडता सावरत होतात, आणि आम्ही वाहवा करत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या आईला असं होतं?"

"नाही. आईची पाठ शेवटपर्यंत सरळ होती. माझ्या थोरल्या जाऊबाईंना होतं."

ते हसले. "जावेचं रक्त तुमच्यात कुठून येणार, बाई? तुमचं कारण वेगळं असेल. दबलेलं हाड परत उभं राहत नाही, पण पुढचं थांबवता येतंय का बघू." आणि औषधं लिहायला लागले.

मी उगाच बोलत राहिले. मनातलं काढून टाकावं तसं. ती घागर, ती उसण, घटलेली उंची, मांड्यांवरचे हात, खुबा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांचं लिहिणं थांबलं आहे.

"त्यांना मुलगी आहे?"

"आहे. चाळिशीची आहे."

"कशी चालते?"

आणि अक्का, माझ्या तोंडून काय निघालं असेल? इतक्या वर्षांची सवय. मी कौतुकानं म्हणाले, "फार खालमानेची आहे हो. अगदी आईसारखी."

म्हटलं आणि माझाच हात माझ्या तोंडावर गेला. लेक माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. म्हणाले, "तिला घेऊन या. हे आईकडून लेकीकडे येतं. पहिला मणका बसायच्या आत आणा."

मी त्यांना शांताच्या उसणीचं सांगू शकले नाही. परसातली ती शांता डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

म्हणून उद्या जाते आहे. गाडीत बसणं आता मला सोपं नाही. एवढा वेळ बसलं की उठताना पाठ उघडत नाही. लेक म्हणते, पत्र टाक, बोलावून घे. पत्रानं ती यायची नाही. तुमचीच मुलगी आहे! उलट टपाली लिहील की काकू, मला काही झालेलं नाही, मुलींच्या परीक्षा आल्यात.

आणि दुसरी भीती तुम्हाला सांगू? तुमच्यामागे शांताकडे तुमचं काय राहिलं आहे? दागिने सुनांकडे गेले, घर भावांकडे. तिच्या वाट्याला तुमची चाल आली. सगळ्या भावकीत तेवढ्यानंच ती तुमची लेक म्हणून ओळखली जाते. त्या आश्रमशाळेच्या मुलींनाही ती तशीच चालायला शिकवत असेल, न्हाणीघरामागं तुम्ही मला शिकवलंत तशी. आणि मी तिथे जाऊन सांगणार की पोरी, ती मर्यादा नव्हती. तुझ्या आईच्या पाठीचा कणा खचत होता. ज्याचा तुला अभिमान आहे ते दुखणं होतं, आणि त्याचं नावसुद्धा तिनं कधी घेतलं नाही. ती माझ्यावर चिडेल. म्हणेल, काकू, तुम्ही पहिल्यापासून ताठच. आईचं चांगलं म्हटलेलं तुम्हाला कधी बघवलं नाही.

म्हणू दे. तुम्ही मात्र रागावू नका. तुमची कमाई मोडायला मी निघालेली नाही, अक्का. तुमच्यासारखी आई, सून, जाऊ मुरुडमध्ये पुन्हा झाली नाही, हे मी आधी सांगेन. मग बाकीचं सांगेन.

तुम्हाला वचन देते. तिच्या खोलीत गेल्यावर मी चहासुद्धा नंतर घेईन. आधी तिला भिंतीशी उभी करीन. ती म्हणेल, "हे काय खूळ काकू?" मी म्हणेन, काकूसाठी एवढं कर. टाचा लाव, बूड लाव, खांदे लाव, आणि आता डोकं. भिंत जे सांगेल ते मी गोड करून सांगणार नाही आणि लपवणारही नाही. तिला सोबत घेतल्याशिवाय किनवटहून परत फिरणार नाही, मग मला तिथे वसतिगृहात मुलींच्या ओळीत झोपावं लागलं तरी चालेल.

एवढं माझ्याकडे लागलं. भिंतीपाशी तिच्या डोक्यामागं मी हात घालून बघीन तेव्हा पुढचं माझ्या हातात नाही. तेवढा वेळ तुम्ही तिच्या मागं उभ्या राहा, अक्का. तिचं डोकं टेकू द्या.

तुमची,
धाकली